चित्रनायक आणि धैर्य : ‘झुंड’च्या निमित्ताने एक विवेचन

प्रश्नाचे स्वरूप

अमुक चित्रपटातील नायक पाहिला आणि अंगी बळ आले, हे विधान सामान्य प्रेक्षकाच्या तोंडी वारंवार येते. परीक्षेत अपयश आलेला विद्यार्थी, काम सुटलेला कामगार, दीर्घ आजारातून उठलेला रुग्ण, अशा पुष्कळांच्या मनात आपापला एक चित्रपट घर करून असतो. विद्वज्जनांनी मात्र या विधानाकडे बहुधा दुर्लक्षच केले आहे. काहींच्या मते चित्रपट ही केवळ करमणूक असल्यामुळे तिच्यातून लाभणारे बळ चित्रगृहाचे दिवे लागताच ओसरते. उलट काहींची श्रद्धा अशी, की पडद्यावर उदात्त चरित्र दाखविले म्हणजे समाज आपोआप उदात्त होतो. या दोन्ही मतांत तपासाला जागा राहत नाही. पहिल्याने प्रश्नच निकालात निघतो, तर दुसऱ्याने तपासण्याआधीच उत्तर गृहीत धरले जाते.

प्रस्तुत विषयाचे तीन भाग पडतात. प्रेक्षकाला नायकाकडून बळ मिळते म्हणजे नेमके काय घडते, हा पहिला भाग. कोणत्या प्रकारच्या नायकाकडून ते मिळते, हा दुसरा. आणि ते टिकण्यास काय लागते, हा तिसरा व व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. या तिन्हींचा विचार करण्यास नागपूरकरांना दूर जावे लागत नाही. नागराज मंजुळे यांनी दिग्दर्शित केलेला आणि ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झालेला ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट नागपुरातील एका क्रीडाशिक्षकाच्या कार्यावर आधारलेला आहे. तो नागपुरात चित्रित झाला, आणि त्यातील मुलांच्या भूमिका प्रामुख्याने नागपूरच्या वस्त्यांतून निवडलेल्या, पूर्वी कॅमेऱ्यासमोर न आलेल्या मुलांनी केल्या. मूळ व्यक्ती, पडद्यावरील नायक, अभिनय करणारी मुले आणि पाहणारे प्रेक्षक हे सारे एकाच शहरात एकत्र सापडावेत, असा योग विरळा.

‘धीर’ या पदाचा अर्थ

नायकाचे धैर्य प्रेक्षकाच्या उपयोगी पडते ही कल्पना चित्रपटापेक्षा फार जुनी आहे. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नाट्याचे प्रयोजन सांगताना दुःखाने व श्रमाने गांजलेल्यांना त्यापासून विश्रांती मिळते, असे म्हटले आहे. तेवढ्यावर न थांबता दुःखपीडितास स्थैर्य आणि उद्विग्न मनास धृती लाभते, असेही तेथे सांगितले आहे. विश्रांती आणि धृती ही दोन फळे भिन्न आहेत. विश्रांतीमध्ये दुःखाचा भार काही काळ खाली ठेवला जातो, तर धृतीमध्ये तोच भार पुन्हा उचलण्याची शक्ती येते. चित्रपटाला केवळ करमणूक मानणाऱ्यांच्या नजरेत पहिले फळ येते व दुसरे निसटते.

नायकांचे जे चार प्रकार भारतीय परंपरेने मानले, त्यांची नावेही या दृष्टीने बोलकी आहेत : धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. स्वभावाने कोणी उदात्त असेल, कोणी विलासी, कोणी शांत, तर कोणी उद्धट, परंतु चौघांच्याही नावाचा पूर्वभाग एकच आहे. ‘धीर’ हा नायकत्वाचा समान घटक होय, आणि उरलेला भाग म्हणजे त्या त्या व्यक्तीचा रंग. वीररसाचा स्थायिभाव म्हणून ‘उत्साह’ सांगितला गेला, त्यातही हाच आशय आहे. शास्त्रातील उत्साह म्हणजे उल्हास नव्हे. हाती घेतलेल्या कार्यात अडथळे आले तरी मन मागे न घेण्याची वृत्ती, असा त्याचा अर्थ आहे. मराठीतील ‘चिकाटी’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो.

तथापि, या परंपरेने एक मर्यादाही घालून दिली. वीररस उत्तम प्रकृतीच्या पुरुषाचा, म्हणजे नायक कुलाने व गुणाने श्रेष्ठ असावयास हवा. चोरी करणारा, व्यसनात सापडलेला, पोलिसांच्या नोंदवहीत नाव असलेला मुलगा या व्याख्येत बसत नाही. आधुनिक चित्रपटाने, विशेषतः ‘झुंड’सारख्या चित्रपटाने, ही मर्यादा ओलांडली. त्यामुळे बळाचा प्रवाह तुटला की वाढला, याचा निर्णय पुढील विवेचनावरून होईल.

तादात्म्य : किती आणि कसे

प्रेक्षक नायकाशी एकरूप होतो, असे आपण सहज म्हणतो. ही एकरूपता पूर्ण असते काय? भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेल्या साधारणीकरणाच्या सिद्धांतानुसार रंगभूमीवरील भाव हा विशिष्ट व्यक्तीचा राहत नाही, आणि प्रेक्षकही स्वतःच्या खासगी हिताहितातून तेवढ्यापुरता सुटतो. नागपूर विद्यापीठात संस्कृतचे अध्यापन केलेले ग. त्र्यं. देशपांडे यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्र’ या ग्रंथाने (१९५८) हा विचार मराठी वाचकांपर्यंत पोहोचविण्याचे मोठे कार्य केले. या सिद्धांताने रसास्वादाचा उलगडा होतो, परंतु प्रस्तुत प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. प्रेक्षक स्वतःचे हिताहित विसरतो म्हणून तर रस मिळतो. मग त्या अनुभवातून त्याच्या स्वतःच्या आयुष्याला बळ कसे मिळावे?

येथे न. चिं. केळकर यांनी मांडलेली सविकल्प समाधीची उपपत्ती साह्यभूत होते. वाचक वा प्रेक्षक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो खरा, पण आपण वेगळे आहोत ही जाणीव पूर्णपणे मावळत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयाचा आनंद आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. केळकरांचा रोख आनंदावर होता. परंतु त्यांची हीच कल्पना बळाच्या प्रश्नालाही लागू करता येते. ‘मी’ उरला तरच ‘या ठिकाणी मी काय केले असते’ हा प्रश्न उठतो. ‘मी’ पूर्णपणे विरघळला, तर नायकाची केशरचना, चाल आणि संवाद एवढेच हाती लागते. पहिल्या क्रियेस अनुसरण व दुसरीस अनुकरण म्हणावे. अमिताभ बच्चन यांच्या ‘जंजीर’ (१९७३) व ‘दीवार’ (१९७५) या चित्रपटांनंतर देशभर तरुणांनी त्यांच्या केसांचे आणि आवाजाचे जे अनुकरण केले, ते दुसऱ्या प्रकारात मोडते. तेच चित्रपट पाहून एखाद्याने अन्याय्य हुकूम नाकारण्याचे धाडस केले असेल, तर ते पहिल्या प्रकारात पडेल.

मराठी चित्रपटाच्या इतिहासात या भेदाचे एक जुने उदाहरण आहे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या दामले-फत्तेलाल दिग्दर्शित चित्रपटात विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबांची भूमिका केली, आणि प्रेक्षक त्यांनाच तुकोबांच्या ठिकाणी मानू लागले. तेथील भावना दर्शनाची होती. दर्शनाने मन शांत होते, श्रद्धा दृढ होते. मात्र ज्याचे दर्शन घ्यावयाचे तो आपल्यापेक्षा उंचावरच राहतो. त्याची पायरी आपली पायरी होत नाही.

मूळ कार्य : मोडक्या बादलीपासून विश्वचषकापर्यंत

चित्रपटाकडे वळण्यापूर्वी तो ज्यावर आधारला ते कार्य पाहणे अवश्य आहे. विजय बारसे हे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. पावसात काही मुले एका मोडक्या बादलीला लाथा मारीत खेळत असलेली त्यांच्या दृष्टीस पडली. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला. मुले मैदानावर असतात तेवढा वेळ ती व्यसनापासून व भांडणापासून दूर राहतात, हे त्यांच्या लक्षात आले. २००१ पासून त्यांनी झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे जे काम उभे केले, ते ‘स्लम सॉकर’ या नावाने ओळखले जाते. महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर मिळालेला पैसाही त्यांनी याच कामासाठी जागा घेण्यात घातला.

योगायोगाने याच सुमारास युरोपात ‘होमलेस वर्ल्ड कप’ची, म्हणजे बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकाची, कल्पना आकार घेत होती. तिची पहिली स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे झाली. छोट्या मैदानावर, प्रत्येक बाजूस चार खेळाडू घेऊन खेळल्या जाणाऱ्या या स्पर्धेत पुढे भारताचा संघ जाऊ लागला. गुन्हेगारीच्या वाटेवर गेलेला नागपूरचा एक तरुण या फुटबॉलमुळे परतला आणि २०१० मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे त्याने भारतीय संघाचे नेतृत्व केले. २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’ या दूरदर्शन-मालिकेने हे काम देशापुढे आणले, आणि २०१६ मध्ये ‘स्लम सॉकर’ला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला.

या हकीकतीत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. बारसे यांनी मुलांपुढे आधी आदर्श ठेवला आणि मग मैदान दिले, असा क्रम येथे नाही. मैदान व चेंडू आधी आले. आदर्श त्यातूनच, त्याच वस्तीतल्या त्याच्यासारख्याच एका मुलाच्या रूपाने, नंतर निर्माण झाला.

चित्रपटातील दोन नायक

‘झुंड’मध्ये बारसे यांच्या धर्तीवर विजय बोराडे हे पात्र असून ती भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली आहे. चित्रपटाच्या जाहिरातींत त्यांचेच मुख दिसले. प्रेक्षकही त्यांना पाहण्यास आला. परंतु तीन तासांच्या या चित्रपटाचा भार हळूहळू दुसऱ्या पात्राकडे सरकतो. हे पात्र म्हणजे वस्तीतील ‘डॉन’ म्हणविला जाणारा अंकुश मसराम. ही भूमिका अंकुश गेडाम या नवोदित नटाने केली आणि तिच्यासाठी त्याला पदार्पणाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पडद्यावर ज्या नटाने एकेकाळी एकट्याच्या बळावर अन्यायाशी झुंज दिली, तोच नट येथे कोणावरही हात उगारीत नाही. बहुतेक वेळ तो मैदानाच्या कडेला उभा आहे. प्रसिद्ध नायकाने दुय्यम होऊन अप्रसिद्ध नायकाला जागा करून द्यावी, ही या चित्रपटाची रचनाच त्याच्या विषयाचे प्रतिपादन करते.

बोराडे मुलांना खेळण्यासाठी प्रथम पैसे देतात. काही दिवसांनी ते रिकाम्या हाताने येतात, आणि मुले पैशांवाचूनही खेळू लागतात. मानसशास्त्रात बक्षिसाविषयी एक प्रसिद्ध वाद आहे. आपणहून आवडीने केल्या जाणाऱ्या कामाला मोबदला जोडला तर आवड कमी होते, असे १९७० नंतरच्या अनेक प्रयोगांनी दाखविले. पण ज्या कामाची आवड अद्याप जन्मालाच आलेली नाही, तेथे मोबदल्याने उंबरठा ओलांडला जातो व पुढचे काम खेळ स्वतः करतो. चित्रपटातील हा प्रसंग त्या दुसऱ्या शक्यतेचे स्पष्ट उदाहरण आहे. प्रेक्षकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे, की बदल कोणत्या पायरीने सुरू झाला हे त्याला दिसते. उपदेशाने वा साक्षात्काराने मुले बदलली, असे कोठेही दाखविलेले नाही.

अंकुशचे धैर्य तर सर्वस्वी वेगळ्या जातीचे आहे. त्याचे जुने वैर त्याला पुन्हा पुन्हा हाणामारीकडे ओढते. रूढ चित्रपटात नायकाने अशा वेळी उलट मारले की टाळ्या पडतात. येथे उलट मारणे म्हणजे हरणे होय, कारण पोलिसांत आणखी एक नोंद झाली की परदेशी स्पर्धेस जाण्याची वाट बंद होते. तो एकदाच सुधारतो असेही नाही. तो घसरतो, सावरतो आणि पुन्हा मोहात पडतो. हात आवरून धरण्याची ही झुंज पडद्यावर अजिबात भव्य दिसत नाही. तरीही ‘धीर’ या पदाचा अर्थ तिच्याहून अधिक नेमकेपणाने क्वचितच कोणत्या दृश्याने दाखविला असेल. धीरोदात्ताचे ‘उदात्त’ त्याच्यापाशी नाही, ‘धीर’ आहे. मागे उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर यातून मिळते. नायकाची प्रकृती उत्तम असण्याची अट काढल्याने बळ कमी झाले नाही. उलट ते ज्यांना सर्वांत अधिक हवे, त्यांच्या आवाक्यात आले.

मानसशास्त्राची साक्ष

हा निष्कर्ष केवळ रसिकतेवर अवलंबून नाही. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘स्वक्षमतेविषयीचा विश्वास’ ही संकल्पना मांडली. एखादे विशिष्ट काम आपल्याकडून होईल, असा माणसाचा स्वतःविषयीचा अंदाज, हा तिचा अर्थ. या विश्वासाचे त्यांनी चार उगम सांगितले : स्वतः यश मिळविल्याचा अनुभव, दुसऱ्याचे यश पाहण्याचा अनुभव, इतरांचे प्रोत्साहनपर बोलणे, आणि स्वतःच्या शारीरिक-मानसिक अवस्थेचा लावलेला अर्थ. चित्रनायकाचा परिणाम दुसऱ्या उगमात मोडतो. बांडुरांच्या मते पहिला उगम सर्वांत प्रबळ, दुसरा त्याखालोखाल. तसेच पाहिलेली व्यक्ती पाहणाऱ्याशी जितकी सारखी, तितका दुसऱ्या उगमाचा जोर अधिक. याच विचारपरंपरेतील पुढील संशोधनाने आणखी एक सूक्ष्म भेद केला. आरंभापासून निर्दोष कामगिरी करणाऱ्या आदर्शापेक्षा, चुकत-माकत, भीतीवर मात करीत पुढे जाणारा आदर्श घाबरलेल्या निरीक्षकास अधिक उपयोगी पडतो.

पेनेलोप लॉकवुड आणि झिवा कुंडा यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने याची दुसरी बाजू दाखविली. असामान्य यश मिळविलेल्या व्यक्तीविषयी वाचून ज्यांना ते यश आपल्याला अद्याप साध्य वाटते त्यांना उत्साह येतो, पण ज्यांना ती वेळ निघून गेल्यासारखे वाटते त्यांना तसा लाभ होत नाही, उलट त्यांची स्वतःविषयीची भावना खालावू शकते. म्हणजे थोरांची चरित्रे सर्वांना सारखीच स्फूर्ती देतात, हा शालेय पाठ्यपुस्तकांचा समज तपासून पाहिला पाहिजे.

प्रत्यक्ष चित्रपटाच्या परिणामाचे मोजमाप करणारा एक प्रयोग आफ्रिकेतील युगांडा देशात झाला, आणि त्याचे ‘झुंड’शी साम्य विस्मयकारक आहे. मीरा नायर यांच्या ‘क्वीन ऑफ काटवे’ (२०१६) या चित्रपटात कंपाला शहरातील काटवे या झोपडपट्टीतील फियोना मुटेसी या मुलीची खरी कथा आहे. रॉबर्ट काटेंडे नावाचा शिक्षक तिला बुद्धिबळ शिकवितो आणि ती आंतरराष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाते. अर्थशास्त्रज्ञ एमा रायली यांनी कंपालातील विद्यार्थ्यांपैकी काहींना सोडतीच्या पद्धतीने निवडून राष्ट्रीय परीक्षेच्या तोंडावर हा चित्रपट दाखविला, तर इतरांना एक काल्पनिक साहसपट दाखविला. माध्यमिक स्तरावरील ज्या विद्यार्थ्यांनी ‘क्वीन ऑफ काटवे’ पाहिला, त्यांच्यात गणितात अनुत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण कमी आढळले. हा लाभ मुलींना आणि अभ्यासात मागे असलेल्यांना अधिक झाला. आदर्श ज्यांच्यासारखा होता, त्यांनाच त्याचा उपयोग अधिक झाला, असा याचा अर्थ होतो.

या प्रयोगातील एक बाब मात्र दृष्टीआड करता कामा नये. ते विद्यार्थी शाळेत होते, त्यांना शिक्षक होते, आणि परीक्षा काही दिवसांवर आली होती. चित्रपटाने जागविलेल्या विश्वासाला लगेच वापरण्याची जागा उपलब्ध होती. बांडुरांच्या भाषेत, दुसऱ्या उगमातून आलेले बळ पहिल्या उगमाच्या, म्हणजे स्वतःच्या अनुभवाच्या, हवाली झाले. असे झाले नसते तर परिणाम किती टिकला असता, हे या प्रयोगावरून सांगता येत नाही.

भिंत, ओळखपत्र आणि मैदान

बळ टिकण्यास काय लागते, या तिसऱ्या प्रश्नाशी आपण आलो. ‘झुंड’ या ठिकाणी प्रामाणिक आहे. वस्ती आणि महाविद्यालय यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि ती चित्रपटभर दिसत राहते. संघ निवडला जातो तेव्हा कथेचा शेवट होत नाही, कारण पुढे पासपोर्टचा प्रश्न उभा राहतो. रिंकू राजगुरू यांनी केलेली मोनिका ही आदिवासी मुलगी उत्तम खेळते, पण ती कोण आहे हे सिद्ध करणारा कागद तिच्यापाशी नाही, आणि तो मिळविण्यासाठी तिला व तिच्या वडिलांना दारोदार वणवण करावी लागते. येथे चिकाटीची कसोटी खेळात लागत नाही, कचेरीच्या दारात लागते. नायकाशी प्रेक्षकाची ओळख पटणे हा सौंदर्यशास्त्राचा विषय झाला. परंतु राज्यव्यवस्थेला नागरिकाची ओळख पटणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यावाचून पहिली अपुरी राहते.

यामुळेच व्यक्तीच्या चिकाटीची प्रशंसा करताना सावधगिरी हवी. ‘मनात आणले तर काहीही अशक्य नाही’ असा बोध अशा चित्रपटांतून काढला, तर जो भिंतीपलीकडे जाऊ शकला नाही त्याने मनात आणलेच नाही, असे ओघानेच म्हणावे लागते. हा निष्कर्ष खोटा आहे आणि क्रूरही आहे. ‘झुंड’मध्ये भूमिका केलेल्या एका तरुणाचा ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरातच खून झाला. एका दुर्घटनेवरून सिद्धांत उभारणे शास्त्रीय होणार नाही. परंतु पडद्यावर झळकल्याने माणसाभोवतीची परिस्थिती बदलत नाही, एवढे तरी या घटनेने ध्यानात आणून दिले पाहिजे. जो चित्रपट प्रेक्षकांना बळ देतो, तो स्वतःच्या कलावंतांनाही ते पुरवू शकेलच असे नाही.

याच शहरात उलट बाजूचा दाखलाही आहे, आणि चित्रपटाने त्याचा निर्देश केला आहे. ‘झुंड’मध्ये डॉ. आंबेडकर जयंतीचा दीर्घ प्रसंग असून त्यात बोराडे बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे नमस्कार करतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला, तेव्हापासून या शहरातील हजारो घरांत ती प्रतिमा आहे. तिच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या बळ मिळत आले, याचे कारण केवळ प्रतिमेच्या तेजात शोधणे पुरेसे नाही. बाबासाहेबांनी स्वतः १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. त्यांच्या पश्चात दीक्षाभूमीच्या परिसरात १९६४ मध्ये डॉ. आंबेडकर महाविद्यालय सुरू झाले. ‘शिका’ या आदेशाजवळच शिकण्याची जागा उभी राहिली. प्रतिमेने जागविलेली आकांक्षा दुसऱ्या दिवशी वर्गात नेऊन वापरता आली, म्हणून ती विझली नाही. आदर्श आणि संस्था यांचा हा संयोग नागपूरला नवीन नाही. बारसे यांचे मैदान म्हणजे त्याचेच लहान प्रमाणावरील रूप होय.

निष्कर्ष

वरील विवेचनाचा सारांश असा. चित्रनायकाकडून मिळणारे बळ म्हणजे ‘हे काम माझ्याकडूनही होईल’ हा बदललेला अंदाज. त्यासाठी नायकाशी अंशतः एकरूप होऊनही प्रेक्षकाचा ‘मी’ शिल्लक राहावा लागतो. नायक जितका प्रेक्षकासारखा, त्याच्या प्रयत्नाच्या पायऱ्या जितक्या स्पष्ट, आणि त्याचे घसरणे जितके प्रामाणिकपणे दाखविलेले, तितके हे बळ अधिक. विजयाचे दृश्य टाळ्या मिळविते, पण धैर्य शिकविण्याचे काम विजयापूर्वीची दृश्ये करतात. हे बळ अल्पायुषी असते. ते वापरण्याची जागा लवकर मिळाली तर त्याचे अनुभवात रूपांतर होते, न मिळाली तर ते ओसरते, आणि कधी निराशाही मागे ठेवून जाते.

या दृष्टीने संशोधनास मोठा वाव आहे. चित्रपटाचा परिणाम तपासणारे अभ्यास बहुधा चित्रगृहाच्या दारापाशी थांबतात. ‘झुंड’ पाहिलेल्या, पण ज्यांच्या वस्तीजवळ खेळण्याची मोकळी जागा आहे आणि ज्यांच्याजवळ ती नाही, अशा दोन गटांतील मुलांची तुलना नागपुरात सहज करता येईल. मुली आणि मुले यांच्यावर होणाऱ्या परिणामातील फरक, मराठी व हिंदी भाषांतील नायकांविषयी वाटणारी जवळीक, आणि प्रसिद्ध नटापेक्षा अनोळखी नटाशी होणारे तादात्म्य, हेही स्वतंत्र प्रबंधांचे विषय होऊ शकतील. साहित्यशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र या तीन विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन करावयाचे हे काम आहे. त्याची सामग्री ग्रंथालयात जितकी मिळेल, त्याहून अधिक शहरातील मैदानांवर मिळेल, आणि अशी मैदाने किती उरली आहेत याची मोजदाद हेच या संशोधनाचे पहिले पाऊल ठरावे.